छापील कापड जलरोधक करताना आधी रंग ओळखा

मनासारखे चित्र छापून घेतलेले पॉलिएस्टर हातात आले, की त्याची पाठपिशवी किंवा तंबूचे छत शिवायची घाई होते. पण ते पाणी अडवत नाही, आणि आधीच लेप दिलेल्या कापडावर छापणेही जमत नाही. सब्लिमेशन छपाईत साधारण २०० अंश सेल्सियसला रंगाची वाफ धाग्यात शिरते. एवढ्या उष्णतेत पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप खराब होतो. सिलिकॉनचा लेप असेल, तर त्यावर शाई धरतच नाही. म्हणून आधी छपाई, मग लेप.

लेपही गरम न करता बसणारा हवा. तापवले की हाच रंग सुटून पॉलियुरेथेनमध्ये सरकतो आणि गडद निळ्याशेजारची पांढरी पट्टी मळकट दिसू लागते. खोलीच्या तापमानाला पक्के होणारे सिलिकॉन इथे सर्वांत भरवशाचे. नुसत्या पाणी झटकणाऱ्या फवाऱ्याने थेंब अळवावरच्यासारखे घरंगळतात खरे, पण धाग्यांमधल्या फटी उघड्याच राहतात. दाब पडला की पाणी आत येते.

कापड फॅब्रिक कंडिशनर न घालता धुऊन वाळवा, कारण त्याचा तेलकट थर सिलिकॉनला धरू देत नाही. मग एका तुकड्यावर मिनरल टर्पेंटाईनमध्ये (सिलिकॉन याच द्रवाने पातळ करायचे आहे) भिजवलेले पांढरे फडके मिनिटभर घासा. रंग उतरला तर ही पद्धत सोडून द्या. पिगमेंट शाई बाइंडरने, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रव्याने, नुसती वर चिकटलेली असते, तेव्हा तिच्याबाबत ही चाचणी टाळू नका.

चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या एक मीटर कापडाला १५ ग्रॅम शंभर टक्के सिलिकॉन सीलंट (फटी बुजवायची पेस्ट; ॲक्रिलिक नव्हे) आणि ७५ ग्रॅम टर्पेंटाईन पुरते. टर्पेंटाईन एकदम ओतले तर गाठी तरंगत राहतात. आधी चमचाभर घालून घोटा, एकजीव झाले की थोडे थोडे वाढवा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको.

स्पंजने उलट्या बाजूने लावा आणि लगेच कोरड्या स्पंजने टिपून घ्या. सगळा खेळ या टिपण्यात आहे. ते राहिले तर ओघळ तसेच सुकतात आणि चित्रावर चकचकीत डाग उमटतात, जे पुन्हा निघत नाहीत. सीलंट हवेतल्या बाष्पाने पक्के होते, त्यामुळे फार कोरड्या खोलीत वेळ लागतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट असेल, तर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान २४ तास, कापड टांगून ठेवा. नंतर वजन करा: १० ते १२ ग्रॅम वाढ हवी. निम्मीच भरली तर दुसरा हात द्या.

शिवताना टाचण्यांऐवजी क्लिपा वापरा, कारण लेपातले भोक बुजत नाही. शिवणींवर आतून १ भाग सीलंट, ३ भाग टर्पेंटाईन असे दाट मिश्रण ब्रशने भरा. पृष्ठभाग चिकट वाटला तर टाल्कम पावडर चोळून झटका.

शेवटी एक मीटर उभ्या नळीच्या तळाला तुकडा घट्ट बांधून नळी पाण्याने भरा. हा झाला १००० मिलिमीटर पाण्याचा दाब. पाच मिनिटांत तीन ठिकाणी थेंब दिसले, तर थर विरळ आहे.