एचएमटी तांदळामागचे दादाजी

किराणा दुकानात एचएमटी तांदूळ मागताना हा वाण कुठल्या तरी कंपनीचा असेल, असंच बहुतेकांना वाटतं. तो शोधला दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे, तिथले हे अल्पभूधारक शेतकरी. मराठवाड्यातल्या नांदेडशी या गावाचा काही संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण दादाजींच्या गावाचा पत्ताही लोक चुकवतात.

हा भाग झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलाच्या पट्ट्याचा. पाऊस भरपूर, जुने मालगुजारी तलाव आणि बांध घालून पाणी अडवलेल्या बांध्या. इथे शेती म्हणजे धान. पावसाळ्यात पऱ्हे (रोपं) टाकायचे, चिखल करून त्यांची रोवणी म्हणजे लावणी करायची आणि दिवाळीच्या आसपास कापणी. दादाजींची शाळा तिसरीतच सुटली आणि पुढचं सगळं शिक्षण या बांध्यांमध्ये झालं. धान कापताना तण कोणतं, भेसळ कोणती आणि वेगळं झाड कोणतं, हे त्यांच्या डोळ्यांना कळायचं. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ याच नजरेत आहे.

1983 साली त्यांच्या शेतात पटेल-3 हे धान उभं होतं. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर रंगाच्या. दुसरा कोणी असता तर त्या इतर धानाबरोबर कापून चुरल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, दाणे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आणि पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध पेरले. जंगल जवळ असल्याने रानडुकरांचा त्रास होता, म्हणून त्या तुकड्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. मूठभर धानासाठी एवढा खटाटोप!

धान स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे वेगळ्या झाडाचा गुण पुढच्या पिढीत बराचसा टिकतो. पण पूर्ण टिकावा म्हणून दर हंगामात नको ती झाडं उपटायची आणि हव्या त्या लोंब्यांचंच बियाणं ठेवायचं. वर्षाला पीक एकच, म्हणजे एक चूक झाली की वर्ष गेलं. अशी पाच-सहा वर्षं गेल्यावर पटेल-3 पेक्षा बारीक दाण्याचा आणि चांगला उतारा देणारा वाण हाती आला.

1990 मध्ये गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यातलं दीडशे किलो बियाणं नेऊन चार एकरांत पेरलं. पीक उत्तम आलं आणि माल तळोधीच्या बाजारात गेला. धानाला तोवर नाव नव्हतं. तेव्हा एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं मोठ्या कौतुकाचं होतं. व्यापाऱ्यांनी तेच नाव धानाला दिलं आणि ते चिकटलं. बियाणं एकाकडून दुसऱ्याकडे जात विदर्भाबाहेर, शेजारच्या राज्यांतही पोचलं. ज्याने मागितलं त्याला दादाजींनी दिलं. शेतकऱ्याच्या वाणाला कायद्याने हक्क देणारी तरतूद 2001 साली आली, तोवर हा वाण कधीच गावोगाव गेला होता.

1994 मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि 1998 मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. मूळ बियाण्यात भेसळ होती, ते आम्ही शुद्ध केलं, अशी विद्यापीठाची बाजू आहे. शुद्धीकरणाचं काम खरंच असतं, ते मला मान्य आहे. पण हजारो लोंब्यांतून त्या तीन ओळखणं हे पहिलं काम होतं, आणि त्या माणसाचं नाव वाणासोबत जायलाच हवं होतं.

घरात या सगळ्यातून पैसा आला नाही. मुलाच्या आजारपणात होती ती जमीन विकावी लागली. नंतर नातेवाइकाने दिलेल्या दीड एकरावर दादाजींनी पुन्हा निवडीचं काम सुरू केलं. मुलगा, सून, नातवंडं असं घर त्या तुकड्यावर आणि मजुरीवर चाललं. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती एपीजे अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. 2010 मध्ये फोर्ब्स मासिकाने देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांत त्यांची नोंद घेतली. त्या यादीतला हा माणूस तेव्हाही स्वतः चिखलात उतरून रोवणी करत होता. शेवटच्या काळात त्यांना पक्षाघात झाला, उपचारांचा खर्च घराला झेपेना. गडचिरोलीजवळच्या शोधग्राम इथल्या रुग्णालयात उपचार सुरू असताना 3 जून 2018 रोजी, वयाच्या 79 व्या वर्षी ते गेले.

एचएमटीनंतरही ते थांबले नव्हते. त्यांच्या नावावर एकूण नऊ वाण सांगितले जातात: नांदेड-92, नांदेड हिरा, विजय नांदेड, नांदेड चिन्नोर, दीपक रत्न, काटे एचएमटी असे. पहिल्या वाणाचं नाव बाजाराने ठेवलं होतं. पुढच्या कित्येक वाणांना दादाजींनी आपल्या गावाचं नाव दिलं, आणि एकाला डीआरके, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे.