बुधावरचं अर्धंच दिसलेलं विवर

मरिनर १० हे यान १९७४-७५ मध्ये बुधाजवळून तीनदा गेलं आणि तिन्ही वेळा त्याला बुधाची तीच बाजू उजेडात सापडली. यान दर १७६ दिवसांनी परत यायचं आणि बुधावर एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतही पृथ्वीवरचे १७६ दिवसच जातात! त्यामुळे कॅलोरिस हे अवाढव्य विवर प्रत्येक वेळी अर्धं उन्हात, अर्धं काळोखात. दिसलेल्या अर्ध्या कडेवरून त्याचा व्यास सुमारे १,३०० किलोमीटर धरला गेला. २००८ मध्ये मेसेंजर यानाने उरलेली बाजू टिपली, तेव्हा तो १,५५० किलोमीटरच्या आसपास भरला. अख्ख्या बुधाचा व्यास ४,८८० किलोमीटर.

हे विवर पडलं ते लघुग्रहाच्या आघाताने, आणि हा आघात साधारण ३८० ते ३९० कोटी वर्षांपूर्वीचा. चिखलात दगड टाकला की तो जेवढा रुततो तेवढाच खड्डा पडतो. इथे तसं होत नाही. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आलेला लघुग्रह जमिनीत शिरता शिरताच फुटतो, वितळतो, त्याची बरीचशी वाफ होते. खड्डा पडतो तो खडकातून चहूकडे धावणाऱ्या धक्क्याच्या लाटेने. म्हणून आघात तिरका असला तरी विवर गोलच होतं. अगदी जमिनीला घासत आला तरच लांबट.

कॅलोरिसच्या बरोबर विरुद्ध बाजूला, ग्रहाच्या पाठीवर म्हणा, जमीन विचित्र उखडलेली आहे: वेड्यावाकड्या टेकड्या, तुटलेल्या विवरांच्या कडा. आघाताच्या लाटा ग्रहाला वळसा घालून तिथे एकत्र आल्या आणि जमीन उसळली, असं जुनं स्पष्टीकरण आहे. ते सगळ्यांना पटलेलं नाही. जमिनीतले सहज वाफ होणारे पदार्थ उडून गेल्याने ती खचली, असंही काही संशोधक म्हणतात.

विवराचा तळ नंतर लाव्हाने भरला. त्याच्या मध्याजवळून शेकडो चर चहूबाजूंना फाकलेले दिसतात, जणू एखादा कोळी पाय पसरून बसलाय. हे चर जमीन ताणली जाऊन पडले. त्यांच्या मध्याजवळ अपोलोडोरस नावाचं ४१ किलोमीटरचं विवर आहे, त्यामुळे त्याच्याच आघाताने जमीन तडकली असं पटकन वाटतं. पण ते केंद्रापासून जरासं बाजूला आहे, म्हणून हा योगायोगच असावा, असं अनेकांचं मत. फोटो समोर असताना मला मात्र ते मान्य करणं जड जातं.