कुळाचार वेगळा, सोवळं वेगळं

‘हल्ली आमच्याकडे कुळाचार होत नाही, एवढं सोवळं कोण पाळणार?’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता ऐकताक्षणी पोटात तुटतं. दोन निराळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या आणि एक जड झाली म्हणून अख्खं गाठोडंच टाकून दिलं, असं झालंय.

सोवळं तुम्हाला माहीत आहे. वेगळी वाळत घातलेली रेशमी वस्त्रं, म्हणजे कद, मुकटा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून ‘शिवू नकोस’. त्यावर जास्त लिहीत नाही. कुळधर्म आणि कुळाचार यांतल्या फरकावरही लोक वाद घालतात. बोलण्यात दोन्ही जोडूनच येतात, खुशाल येऊ द्या.

घोळ होतो तो इथे. कुळाचार सांगतो की आपल्या घरात कोणत्या देवाचं, कोणत्या तिथीला, काय करायचं. कुणाकडे खड्यांच्या गौरी, कुणाकडे मुखवट्यांच्या, कुणाकडे तेरड्याच्या. कुणाकडे लग्न झालं, बाळ झालं की देवीचं बोडण. सोवळं यातलं काहीच सांगत नाही. कुणी लांब राहायचं, कशाला हात लावायचा नाही, एवढंच ते सांगतं. म्हणून घरातल्या एखाद्या रीतीबद्दल शंका आली तर विचारा: हे कुठल्या देवासाठी, कुठल्या दिवशी? उत्तर आलं तर तो कुळाचार. ‘असं शिवलेलं चालत नाही’ एवढंच उत्तर आलं तर ते सोवळं.

आमचं कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतो आणि सहाव्या दिवशी, चंपाषष्ठीला उठतो. नैवेद्याला वांग्याचं भरीत, रोडगा, पातीचा कांदा, लसूण. सोवळ्याच्या स्वयंपाकात ज्या कांदा-लसणाला जागा नाही, तोच इथे देवापुढच्या पानात असतो. दोन्ही एकच असतं तर हे जमलं असतं का?

मग तळी. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद. पाच जणांनी भोवती बसून ताम्हनाला हात लावायचा, ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा उचलायचं, मग भंडारा कपाळाला आणि खोबरं तोंडात. एकट्याने तळी भरता येत नाही, माणसं लागतात, आणि मला कुळाचारात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. त्या दिवशी रुसलेल्या दिरालाही फोन जातो, ‘ये रे, एक हात कमी पडतोय.’

माझ्या माहेरी मात्र मी सात वर्षांची असताना परकरावर शाळेची धूळ होती म्हणून मला दारात उभं केलं होतं. आतून येळकोट ऐकू येत होता. देवाला मी नको आहे, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. आजीचा जीव होता माझ्यावर, पण त्या दिवशी माझ्यापर्यंत पोचलं ते फक्त ‘लांब हो’. मुलांच्या मनात श्रद्धा रुजते ती हाताला काम मिळाल्यावर. खोबरं फोडायला द्या, भंडारा लावू द्या, घटाजवळच्या दिव्यात तेल घालू द्या. स्वच्छ हात धुतले की पुरे.

नोकरी आहे, घर दोन खोल्यांचं आहे, परदेशात आहात, तरी चंपाषष्ठी होते. न्यू जर्सीतली माझी मामेबहीण वांगी ओव्हनमध्ये भाजते आणि तळीला शेजारच्या मराठी जोडप्याला बोलावते. तिच्या घरी कद नाही. कुळाचार मात्र पूर्ण आहे.

आणि हो, पाळीचं. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना नेमकी चंपाषष्ठीलाच तिला पाळी आली. ती न सांगताच भिंतीला टेकून उभी राहिली. ताम्हनाभोवती आम्ही चौघंच होतो. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, क्षणभर थांबल्या. जन्मभर चार दिवस बाजूला बसलेली ती बाई. मग डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, ‘बस गं इथे. पाचवी तूच आहेस.’