बाबा शुद्धीवर आले होते, भानावर नव्हते

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "बाबा भानावर आले, डोळे उघडले, पाणी मागितलं." दोन मिनिटांत डोंबिवलीहून आत्याचा रिप्लाय, "शुद्धीवर आले म्हण गं. भानावर काय, दादा कीर्तनात रंगला होता का?" आत्या रिटायर्ड शिक्षिका, तिला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं पण सहन होत नाही, आणि मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॉबीत कपभर गार चहा घेऊन बसलेली, म्हटलं जाऊ दे, एकच की ते.

एकच नाहीये. तासाभराने आत सोडलं तर बाबा टक्क जागे, मला बघून म्हणतात "मुलुंड गेलं का?" मला आधी कळेचना. मग त्यांनी बेडच्या बाजूचा लोखंडी कठडा धरला आणि पायांकडे सरकायला लागले आणि तेव्हा ट्यूब पेटली की हे दाराकडे सरकतायत, ठाण्याला उतरायचंय. तीसेक वर्षं सीएसटीहून घरी येताना विंडो सीटला डुलकी काढायची आणि मुलुंड गेलं की उठून दाराशी जायचं, तेच चालू होतं. सिस्टर शांतपणे म्हणाली "काका, गाडी यार्डात गेली, झोपा आता," आणि ते चक्क झोपले.

तर हा माणूस शुद्धीवर होता. शंभर टक्के. डोळे उघडे, हाक मारली की ओ देतोय, "हात दाबा" म्हटलं की दाबतोय. भान नव्हतं. आपण कुठे आहोत, केव्हा आहोत, काय झालंय याचं. म्हणजे आत्या बरोबर होती आणि मी चूक, पण का चूक ते तिने पण सांगितलं नाही, ते मला मुलुंडने सांगितलं.

आता हा गोंधळ होतो का, तर दोन्ही शब्द अगदी सारखे वागतात. शुद्ध हरपते, भान पण हरपतं. शुद्धीवर येतात, भानावर पण येतात. दोघांना 'बे' लागतो, तो फारसीतनं आलेला, बेफिकीर बेइमानमधलाच, बेशुद्ध आणि बेभान. वरून आपल्या इकडे हिंदीचा मारा, वॉर्डबॉय विचारतो "होश आया क्या", आणि होश दोन्हीकडे चालतो, चक्कर येऊन पडलेल्याला पण आणि "होश में आओ" म्हणून दम द्यायला पण. डॉक्टर म्हणतात "पेशंट कॉन्शस आहे". मग मराठीतले दोन शब्द डोक्यात एकाच खणात जाऊन पडतात.

पण दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघा. ठाण्यात दहीहंडीला खाली डीजेसमोर पोरं नाचत असतात, घामाघूम, घसा बसलेला, मोबाइल पडला तरी पत्ता नाही, ती बेभान. आणि वरच्या थरावरून एखादा खाली आला, डोक्याला लागलं, उचलून अँब्युलन्समध्ये घातला, तो बेशुद्ध. बेभान माणूस तर उलट फारच जागा असतो हो, सगळा जीव एकाच गोष्टीत जाऊन बसलेला असतो, बाकीचं जग बंद. बेशुद्धाला ती एक गोष्टही नसते. म्हणून वारा बेभान सुटतो, बेशुद्ध वारा असं कोणी म्हणत नाही.

माझी सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे पुढे "कशाचं?" विचारून बघायचं. भान नेहमी कशाचं तरी असतं. वेळेचं भान, पैशाचं भान, आपण कोणासमोर बोलतोय त्याचं भान, लयीचं भान, सामाजिक भान. शुद्ध नुसती असते नाहीतर नसते. 'सामाजिक शुद्ध' म्हणून बघा, पंचांगातली तिथी वाटते. अपवाद आहे, आत्याने लगेच दाखवला असता म्हणून मीच सांगते, दारू पिऊन पडलेल्याबद्दल आपण "त्याला अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नव्हती" म्हणतो. पण तिथेसुद्धा कपडे हे नुसतं माप आहे, शुद्ध किती गेली होती त्याचं, एवढी की कपडेही कळत नव्हते.

आणि व्याकरणात पण शुद्ध ती आणि भान ते. शुद्ध गेली, भान गेलं. शुद्धचं उलट अशुद्ध नाही हे गमतीचं आहे, डेअरीच्या पाटीवर शुद्ध तूप, वहीत अशुद्धलेखन, पण माणूस कितीही पडला तरी अशुद्ध होत नाही, बेशुद्धच होतो. (जुन्या मराठीत अशुद्ध म्हणजे चक्क रक्त, ते वेगळंच.) शुद्ध आली 'शुद्धि'वरून, म्हणून शुद्धीवर, शुद्धीत, आणि हिंदीतल्या सुधबुधमधली सुध ही तिची बहीणच. भान आलंय संस्कृतच्या 'भा' धातूवरून, प्रकाशणे, दिसणे. प्रभा, आभा, भानू सगळी त्याच घरातली. मला हे फार आवडतं, कारण मग भान म्हणजे आपल्यासमोर काहीतरी उजळलेलं असणं, आणि बाबांच्या समोर त्या संध्याकाळी मुलुंड स्टेशन उजळलेलं होतं, वॉर्ड अंधारात.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा ज्युनियरला म्हणाले "जीसीएस चौदा". मी घाबरले, पंधरा का नाही? ही ग्लासगो कोमा स्केल, 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन न्यूरोसर्जननी मांडलेली. डोळे उघडण्याचे जास्तीत जास्त 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6, एकूण 15, आणि काहीच प्रतिसाद नसला तरी 3, शून्य नसतंच. बाबांचे डोळ्यांचे 4 पूर्ण, सांगितलेलं करतात म्हणून हालचालीचे 6 पूर्ण, बोलण्याचे 4, कारण वाक्यं नीट पण संदर्भ भलताच. तो कापलेला एक मार्क म्हणजे आपलं भान! सिस्टर दर थोड्या वेळाने तीन गोष्टी विचारायची, हे कोण, आपण कुठे आहोत, आज वार काय. वय झालेल्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर असं भ्रमिष्टासारखं होऊ शकतं, त्याला डिलिरियम म्हणतात, दिवसभरात वरखाली होतं, संध्याकाळी रात्री जास्त, आणि बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. लॉबीत एक दूरचे काका "ठाण्यातच आहात, बरंय, लांब न्यायला नको" असा मेंटल हॉस्पिटलचा जोक मारून गेले, ठाणेकरांना तो जन्मापासून ऐकावा लागतो, पण त्या दिवशी त्यांना कशाचं भान नव्हतं ते तुम्हीच बघा.

भूल शब्दात पण हीच फोड बसलेली आहे. पूर्ण भूल देतात तेव्हा शुद्ध जाते, भूल पडते तेव्हा भान जातं. भूलतज्ज्ञाचं काम पहिलीशी.

दोष कोणाला द्यायचा यात पण फरक पडतो. "माझी शुद्ध गेली" म्हटलं की लोक पाणी आणतात, कोणी कांदा हुंगवतं. "माझं भान सुटलं" म्हटलं की माफी मागावी लागते, कारण भान ठेवायचं असतं, राखायचं असतं, ते आपल्या हातातलं समजतात. शुद्ध राखा असं कोणी सांगत नाही. "शुद्धीत आहेस का तू?" हे मात्र भांडणात येतं, पण तो टोमणा आहे, म्हणजे तू असं बोलतोयस की नक्की प्यायलेला असणार.

जाणीव तिसरीच, तिच्यात फार शिरत नाही. जाणीव होते, एका क्षणी, भान त्यानंतर टिकवावं लागतं. आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात ट्रेनिंगच्या स्लाइडचं मराठी कोणीतरी मशीनकडून करून घेतलं होतं आणि पडद्यावर 'अनकॉन्शस बायस'च्या जागी भला मोठा 'बेशुद्ध पूर्वग्रह'. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, मग त्याला उठवू नका. मानसशास्त्रवाले अबोध किंवा नेणीव म्हणतात ते काय उगाच नाही.

बाबांना तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पाजत होते. बशीतनंच पाहिजे म्हणाले. मग खिडकीकडे बघत, "आज शनिवार ना? संध्याकाळी तलावपाळीला गर्दी असणार, घरी जाताना रिक्षा राम मारुती रोडने घेऊ नकोस, अडकशील. आणि तुझ्या आत्याला सांग इथे हॉस्पिटलात डबा आणू नको, तिच्या भाजीत मीठ नसतं."

हे कोण, आपण कुठे, वार काय. मी जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. मिठाबद्दल आत्या काहीच बोलली नाही, फक्त लिहिलं, "आता लिही भानावर आला."