वीतभर पाण्यावर जगणारं अभयारण्य

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा या नद्या एकत्र येतात, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कालव्यांसाठी बंधारा बांधला. त्यात पक्ष्यांचा विचार नव्हता. पण प्रवाह अडला की पाण्यातला गाळ खाली बसतो. तो वर्षानुवर्षं साचत गेला, जलाशय उथळ झाला, मधूनमधून बेटं वर आली. पाणीसाठ्याच्या हिशेबात हे नुकसानच; नांदूरमध्यमेश्वरचं पाणपक्ष्यांचं वैभव मात्र याच गाळावर उभं आहे.

उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं. पाणवनस्पती माजतात, त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी, मासे वाढतात. मग कोण कुठे जेवणार हे पाण्याची खोली ठरवते. लांब लाल पायांचा शेकाट्या काठाजवळ चालत किडे टिपतो. तलवार बदक शेपूट वर करून लांब मान तळाशी नेतं. थापट्या बदक पसरट चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून पाणी गाळून घेतं. मला सर्वांत नवल वाटतं ते चमच्या या पक्ष्याचं. तो अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो आणि भक्ष्याचा स्पर्श होताच ती मिटतो. शिकार दिसायलाच हवी असं नाही.

म्हणूनच इथे पाण्याची पातळी फार महत्त्वाची. कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडायचं पाणी, सुटलं की जलाशयाचं पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि चिखलात चरणाऱ्या तुतवार पक्ष्यांची चंगळ होते. उलट, उन्हाळ्यात शेकाट्याने काठाच्या चिखलात अंडी घातलेली असताना वरच्या धरणांतून पाणी आलं, तर घरटी बुडतात. आवर्तनाचं वेळापत्रक ठरवताना ही घरटीही मोजायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

१९८६ मध्ये हे अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पाणथळ जागा जपण्याचा हा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर या कॅस्पियन किनाऱ्यावरच्या गावी झाला.

तरी जलपर्णी पसरतेच आहे. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस हे तिचं खत. तिचा थर दाट झाला की खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो. पाणी नासलं तर बदकं दुसरा जलाशय गाठतात. पण रामसरच्या नोंदीत इथला एक चिमुकला मासाही आहे, नाशिकच्याच देवळालीचं नाव लावणारा देवळाली मिनो. तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याचे भाईबंद वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्यात राहणारे. त्याला नदीशिवाय दुसरी वाट नाही, आणि त्या नदीत नाशिक शहराचं पाणी उतरतं.