मिशनरी कुटुंबे, दुर्गम आदिवासी क्षेत्रांतील

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी पती, पत्नी आणि मुले अशा संपूर्ण कुटुंबाने एखाद्या दूरस्थ आदिवासी समाजात वर्षानुवर्षे वास्तव्य करण्याची प्रथा मुख्यतः प्रॉटेस्टंट पंथांत रूढ झाली. रोमन कॅथलिक मिशनकार्याचा भार ब्रह्मचर्यव्रत घेतलेले धर्मगुरू आणि धर्मभगिनी वाहत असत. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना विवाहाची मुभा असल्यामुळे त्यांच्या संस्थांनी मात्र विवाहित माणसालाच पसंती दिली. १८१९ मध्ये अमेरिकेहून हवाई बेटांकडे निघालेल्या पहिल्या तुकडीत सात जोडपी होती आणि त्यांपैकी बहुतेकांचे विवाह प्रस्थानापूर्वी अवघ्या काही आठवड्यांत उरकण्यात आले होते. पत्नीने घर सांभाळावे व स्त्रियांमध्ये काम करावे, एवढीच सुरुवातीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात कुटुंब हेच मिशनकार्याचे सर्वांत प्रभावी साधन ठरले, आणि त्याची किंमतही प्रथम कुटुंबालाच मोजावी लागली.

ज्या समाजात प्रत्येक व्यक्तीची ओळख नात्यागोत्यावरून ठरते, तेथे एकट्या परक्या पुरुषाला स्थान नसते. बाहेरून पुरुषांच्या टोळ्या आल्या त्या बहुधा गुलाम पकडायला, रबर गोळा करायला किंवा बंदुका घेऊन. याउलट कडेवर मूल घेतलेली स्त्री लढाईसाठी आलेली नसते, हे सांगायला भाषा लागत नाही. पूर्व इक्वेडोरच्या जंगलातील वाओरानी समाजाच्या संपर्काचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९५५ च्या अखेरीस पाच अमेरिकन मिशनऱ्यांनी विमानातून भेटवस्तू देण्यास सुरुवात केली. वैमानिक नेट सेंट विमान संथपणे गोल फिरवी; लांब दोराच्या टोकाला बांधलेली बादली त्यामुळे वर्तुळाच्या मध्यावर जवळजवळ स्थिर राही आणि खालच्या माणसांना तिच्यातील भांडी व कोयते हाताने काढून घेता येत. काही दिवसांनी त्याच दोराला बांधून वाओरानींनी एक जिवंत पोपट वर पाठविला. तरीही ८ जानेवारी १९५६ रोजी कुरारे नदीच्या वाळूवर उतरलेल्या या पाचही पुरुषांना भाल्यांनी ठार मारण्यात आले. मृतांपैकी जिम एलियट यांच्या पत्नी एलिझाबेथ आपल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन, आणि नेट यांच्या भगिनी रेचेल सेंट, १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच वस्तीत राहावयास गेल्या. वाट दाखविणारी दायुमा ही स्वतः वाओरानी होती. आपसांतील रक्तपातातून जीव वाचवून ती पूर्वी बाहेर पडली होती व रेचेल यांनी तिच्याकडूनच भाषेचे धडे घेतले होते. पुरुषांना जे साधले नाही ते दोन स्त्रिया आणि एक मूल यांना साधले. या घटनेच्या बहुतेक वर्णनांत मात्र पाच हुतात्म्यांना जेवढी जागा मिळते तेवढी दायुमाला मिळत नाही, आणि हे न्याय्य नाही.

अशा मिशन-ठाण्यावरील दैनंदिन जीवनाचा कणा पत्नीच्या श्रमांचा असतो. पहाटेपासून दाराशी माणसे येऊन बसतात: कोणाला हिवतापाची गोळी हवी असते, कोणाच्या जखमेत पू झालेला असतो, कोणाची प्रसूती अडलेली असते. औषधोपचार, साक्षरतेचे वर्ग, स्वतःच्या मुलांचा अभ्यास, पाहुण्यांचा स्वयंपाक आणि देणगीदार मंडळींना लिहावयाची पत्रे ही कामे ती करते, आणि जुन्या अहवालांत तिचा उल्लेख पुष्कळदा केवळ ‘व सौभाग्यवती’ एवढाच येतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रेडिओ आणि छोटी विमाने आली. ठरलेल्या वेळी मुख्य ठाण्याशी होणारे संभाषण हाच बाहेरच्या जगाशी रोजचा दुवा बनला. पैशाच्या बाबतीत अनेक संस्था पगार देत नाहीत. मायदेशातील चर्च व स्नेही जे देतील त्यावर कुटुंब चालते, आणि दर काही वर्षांनी घेतलेली गृहरजा बव्हंशी तो आधार टिकविण्यासाठी फिरण्यातच जाते.

भाषेचे काम सर्वांत चिवट. अमेरिकन मिशनरी कॅमेरन टाउनसेंड आणि त्यांच्या पत्नी एल्विरा यांनी ग्वातेमालात काकचिकेल लोकांमध्ये राहून केलेले नव्या कराराचे (बायबलच्या उत्तरार्धाचे) भाषांतर १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अनुभवातून १९३४ मध्ये भाषाविज्ञानाचे उन्हाळी प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स ही संस्था आकारास आली. अनेक अलिखित भाषांची पहिली वर्णमाला, पहिला शब्दकोश व पहिले व्याकरण अशा ठाण्यांवर तयार झाले, हे मिशनकार्याचे कठोर टीकाकारही मान्य करतात.

कुटुंबाने मोजलेल्या किमतीचे ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. कुरुमान येथील मॉफट दांपत्याची कन्या मेरी हिचा विवाह १८४५ मध्ये प्रसिद्ध मिशनरी व भूप्रदेश-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याशी झाला. गर्भवती असताना आणि लहान मुले बरोबर असताना तिला कालाहारी वाळवंटाचा प्रवास करावा लागला. १८५० च्या प्रवासानंतर जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच दगावली. १८५२ मध्ये पतीने तिला व मुलांना ब्रिटनला पाठविले. दहा वर्षांनी आफ्रिकेत, झांबेझी नदीच्या तीरावर शुपांगा येथे तापाने तिचा अंत झाला. पतीच्या कीर्तीपुढे तिच्या वाट्याला आलेली ही वर्षे फारशी कोणी मोजली नाहीत.

मुलांची परवड वेगळ्या प्रकारची असे. शिक्षणासाठी त्यांना लहान वयातच चीनमधील चेफू किंवा १९०६ मध्ये स्थापन झालेली केनियातील रिफ्ट व्हॅली अकादमी यांसारख्या निवासी शाळांत ठेवले जाई आणि आईवडिलांची भेट कित्येक महिन्यांनी घडे. गावातील मुलांबरोबर वाढल्याने स्थानिक भाषा त्यांच्या तोंडी आईवडिलांपेक्षा सफाईने बसत असे. मायदेशी परतल्यावर मात्र ती तेथेही परकीच ठरत. समाजशास्त्रज्ञ रूथ हिल उसीम यांनी १९५० च्या दशकात अशा ‘तिसऱ्या संस्कृतीच्या’, म्हणजे मायदेश व यजमान देश यांपैकी कोणत्याच संस्कृतीत पूर्णपणे न बसणाऱ्या, मुलांचा अभ्यास सुरू केला. काही निवासी शाळांत मुलांचा छळही झाला. गिनीमधील मामू येथील शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आवाज उठविल्यावर १९९० च्या दशकात ती शाळा चालविणाऱ्या मिशन संस्थेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली आणि अत्याचारांच्या तक्रारींत तथ्य आढळले. ईश्वराच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून मुलांनी गप्प राहावे, ही शिकवण या दीर्घ मौनामागे होती.

यजमान समाजाची हानी याहून मोठी होती. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत साधा गोवरही प्राणघातक ठरतो, आणि तो आणणारे माणूस शत्रूच असते असे नाही. १९६७ मध्ये ब्राझीलमधील यानोमामी आदिवासींच्या प्रदेशात एका मिशनरी कुटुंबाची चिमुरडी मुलगी मनाउस शहरातून परतताना गोवर घेऊन आली, आणि ती साथ पसरत पुढील वर्षी व्हेनेझुएलापर्यंत पोहोचली. वाओरानींना मिशनच्या वसाहतीत एकत्र आणल्यानंतर १९६९ मध्ये तेथे पोलिओची साथ आली. वसाहतीत माणसे आल्यामुळे त्यांची जुनी भूमी तेलकंपन्यांना मोकळी झाली, हा आक्षेपही गंभीर आहे. आपसांतील भाल्यांच्या हत्या थांबल्या हेही तितकेच खरे असून, अनेक वाओरानी स्वतः त्याचे श्रेय नव्या धर्माला देतात.

१९७१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञांच्या एका गटाने बार्बाडोस येथे काढलेल्या जाहीरनाम्यात आदिवासींमधील मिशनकार्य थांबविण्याची मागणी केली. ब्राझील सरकारने १९८७ पासून संपर्कविरहित समाजांना आपणहून न गाठण्याचे धोरण स्वीकारले, तर व्हेनेझुएलाने २००५ मध्ये न्यू ट्राइब्स मिशन या अमेरिकन मिशनरी संस्थेला देशातून हद्दपार केले. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, ब्राझीलच्या एका न्यायालयाने संपर्कविरहित समाज राहत असलेल्या जावारी खोऱ्यात मिशनऱ्यांच्या प्रवेशास मनाई केली. ती मागणी त्या खोऱ्यातील आदिवासींच्या स्वतःच्या संघटनेने केली होती.