घरगुती फ्लॅट पॅनल

फ्लॅट पॅनल म्हणजे टेलिस्कोपच्या किंवा लेन्सच्या तोंडावर ठेवायचा, सगळीकडे सारखाच उजळणारा पांढरा पडदा. त्याचे जे फोटो काढतात त्यांना फ्लॅट फ्रेम म्हणतात आणि अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफीत (आकाशाच्या फोटोग्राफीत) कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे फोटोतले उपकरणाचे दोष काढायला, त्या लागतातच.

रात्रभर जमवलेला नेब्युलाचा (तेजोमेघाचा) डेटा स्टॅक करून, म्हणजे फोटो एकावर एक रचून, स्ट्रेच केला, म्हणजे अंधुक भाग उजळवला की कोपरे काळपट दिसतात, ते विग्नेटिंग, आणि मधेच कुठेतरी करडी कडी उमटलेली असते, ती सेन्सरच्या काचेवरच्या किंवा फिल्टरवरच्या धुळीची सावली. न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या टेलिस्कोपमध्ये, तिला मधे भोक दिसतं ते सेकंडरी आरशामुळे. ही सावली मोजली तर धूळ कुठे बसलीय तेही कळतं: सावली १०० पिक्सेलची, पिक्सेल ४ मायक्रॉनचा म्हणजे ०.४ मिमी, गुणिले टेलिस्कोपच्या एफ/५ चे (फोकल लांबी भागिले तोंडाचा व्यास) ५, म्हणजे कण सेन्सरपासून साधारण २ मिमीवर. मूळ फोटोला फ्लॅटने भागलं की दोन्ही दोष जातात, पण याच भागाकारामुळे पॅनलमधली खोट प्रत्येक फोटोत उतरते.

बनवायला फोमबोर्डचा खोका घ्यायचा, आतून पांढरा, एलईडी पट्टी कडेने लावून तिचं तोंड मागच्या भिंतीकडे करायचं म्हणजे प्रकाश आपटून पसरतो, आणि पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक. चित्रं गिरवायचा एलईडी पॅडही चालतो, तो टेलिस्कोपच्या तोंडापेक्षा मोठा हवा एवढंच.

बहुतेकजण उजेड किती याचीच काळजी करतात, खरं तर तो एकसारखा आणि स्थिर हवा. स्वस्त डिमर एलईडी झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करतात, डोळ्याला कळत नाही पण एक्स्पोजर अगदी छोटं असेल तर फ्लॅटवर आडवे पट्टे येतात. म्हणून डिमरच्या नादी लागूच नये, पॅनल पूर्ण उजेडावर ठेवून वर पांढऱ्या कागदाचे थर चढवावेत आणि एक्स्पोजर सेकंदभराच्या आसपास आणावं. नॅरोबँड फिल्टर प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच आत सोडतो, त्याला कागद काढायचे.

पॅनल एकसारखा आहे का ते डोळ्यांनी ठरवू नका. एक फ्लॅट घ्या, पॅनल ९० अंश फिरवून दुसरा घ्या, पहिल्याला दुसऱ्याने भागा. उरलेलं चित्र सपाट करडं आलं तर पॅनल बरोबर, एका बाजूने उजळ आलं तर एलईडी अ‍ॅक्रिलिकपासून अजून लांब न्या किंवा मधे आणखी एक दुधी थर घाला.

फ्लॅट घेताना फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन रात्री होता तोच ठेवायचा, कॅमेरा काढून परत लावला की धुळीच्या सावल्या जुळत नाहीत आणि एकाऐवजी दोन कड्या दिसतात, एक काळी एक पांढरी. हिस्टोग्राममधला (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखातला) उंचवटा डावीकडून तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, २०-३० फ्रेम, मग झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचे डार्क फ्लॅट, म्हणजे फ्लॅटमधून वजा करायच्या अंधाऱ्या फ्रेम. झाकण प्लॅस्टिकचं असेल तर वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, काही प्लॅस्टिकमधून इन्फ्रारेड आत शिरतो.